धर्मादायचा फॉर्म

मागच्या श्रावणात रात्री साडेअकराला अण्णांच्या छातीत कळ आली. परांड्याहून बार्शीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी बघितला आणि म्हणाले, "वेळ घालवू नका, पुण्याला हलवा."

पहाटे पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयात पोचलो. अण्णा स्ट्रेचरवर घामाने चिंब. काउंटरवर ऐकायला मिळालं, "आधी पन्नास हजार डिपॉझिट भरा." सरकारची मोफत उपचाराची महात्मा फुले योजना तिथे चालत नव्हती. आई केशरी रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून उभी होती. ते कुणी हातातसुद्धा घेतलं नाही. दादाने मित्रांना झोपेतून उठवून पैसे जमवले. दुसऱ्या दिवशी त्यांचे फेडायला आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर नगरकडच्या एका काकांनी विचारलं, "ताई, धर्मादायचा फॉर्म भरला का?" मी नुसती बघत राहिले.

त्यांच्याकडूनच कळलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली ठरवून दिलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात. वर्षाचं उत्पन्न 1,80,000 रुपयांच्या आत असेल तर मोफत, 3,60,000 च्या आत असेल तर सवलत. त्यासाठी बाकीच्या रुग्णांच्या बिलातले 2 टक्के वेगळ्या निधीत जमा होतात. आणि तातडीचा रुग्ण आला तर त्याला आधी दाखल करून घ्यायचं, हेही त्यातच आहे. हे कळलं तेव्हा मी टपरीवरच रडले. त्या पहाटे आम्ही हात जोडून उभे होतो, ते आमच्या हक्काचं होतं!

योजनेची पाटी होती. जिन्याखाली, एकावर एक रचलेल्या व्हीलचेअरच्या मागे. मी त्या बाजूला सरकवून फोटो काढला.

दादा परत गावी गेला, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणला. त्यात दोन दिवस मोडले. समाजसेवा विभागातल्या मॅडमनी मात्र नीट बसवून अर्ज लिहून घेतला. अर्जाच्या तारखेपासूनचं बिल निम्मं झालं, पण अँजिओप्लास्टी आधीच झाली होती, तिचे पूर्ण पैसे गेले.

तुमच्या घरी कुणी आजारी नसलं तरी उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. रुग्णालयात पाय ठेवल्या ठेवल्या समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा, आणि डिपॉझिट मागितलं तर "धर्मादायमधून दाखल करा" असं स्पष्ट म्हणा.

अण्णा आता रोज मारुतीच्या देवळापर्यंत चालत जातात. पाटल्या अजून सोडवलेल्या नाहीत. आई अण्णांसमोर हातात काचेच्या बांगड्या जास्त भरते.