तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळचं जेवण

"पन्नाशी उलटली तुझी, आणि नाताळचं जेवण अजून एकदाही केलं नाहीस?"

हा प्रश्न मला मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात विचारून झालाय, लग्नाच्या मांडवात झालाय, मयताच्या घरीसुद्धा झालाय. टोरांटोची चुलतबहीण व्हिडिओ कॉलवर दर डिसेंबरला विचारते. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाई डब्याच्या वेळेला विचारतात, "ते सोरपोतेल, पोर्कचं ते आंबट-तिखट कालवण, तुम्हीच करता ना?" "आई करते," म्हटलं की त्या गप्प होतात आणि मग आईचं वय विचारतात. इतकी वर्षं मी काहीतरी अर्धंमुर्धं बोलून विषय बदलत आले. यंदा सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वर्षी कुणाला विचारावं लागणार नाही.

आधी "केलं नाहीस" म्हणजे काय, ते बघू. एप्रिलमध्ये मसाल्याच्या मिरच्या आणून त्यांची देठं काढायची, गच्चीवर वाळवायच्या, कावळ्यांकडे लक्ष ठेवायचं, हे मी करते. कुटून आलेला मसाला कागदाच्या नळकांड्यातून बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ओतायचा आणि काठीनं ठासून भरायचा, आत हवा राहू द्यायची नाही, हेही मीच करते. बदक सांगून ठेवणं, पोर्कवाल्याकडे पहाटे जाऊन उभं राहणं, करंज्या, कुलकुल, मिल्क क्रीम, शेजाऱ्यांकडे जाणारी गोडाची ताटं, सगळं माझ्याकडे. आणि चिरणं. ज्यांनी सोरपोतेल फक्त ताटात बघितलंय त्यांना हे कळायचं नाही. मांस आधी मोठाल्या तुकड्यांत उकडून घेतात. ते निवलं की चिरायला बसायचं: मांस, काळीज, हृदय, सगळं करंगळीच्या नखाएवढं आणि एकसारखं. चरबी सुरीखालून निसटते. काळजाचा भुगा होतो, म्हणून तिथे सुरी दाबायची नाही, ओढायची. थोड्या वेळानं बोटं इतकी बुळबुळीत होतात की सुरीची मूठ पुसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परकरात होते तेव्हापासून मी हे करतेय, आणि आमच्या घरात माझ्याइतकं बारीक कुणी चिरत नाही. आईसुद्धा नाही.

मात्र त्यानंतर मी पाट सरकवून उठते. मसाला आई घालते. मीठ आई घालते. बाटली तिरकी धरून व्हिनेगरची धार सोडते तीही आईच. पंचवीसला सकाळी फुगे तळतानासुद्धा पीठ मी फेटलेलं असतं, पण मूठ तिची. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिठाचा गोळा वर काढून तेलात सोडायचा तो तिनं. मी झारा घेऊन बाजूला उभी. याला "जेवण करणं" म्हणत असतील, तर ते मी कधीच केलेलं नाही. कुणी माझ्या हातात ते दिलं नाही आणि मीही मागायला गेले नाही. यातलं कोणतं आधी, कोणतं नंतर, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

तिशीत मला कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. तेव्हा मी म्हणायचे, मला ते नकोच आहे. नाताळच्या दिवशी बायका पहाटेपासून गॅसपुढे आणि पुरुष ओटीवर वाईनचे ग्लास घेऊन पाहुण्यांशी गप्पा मारताहेत, त्या रांगेत मी का उभी राहू? मी शिकले, कमावते, घराचं वीजबिल भरते. माझं मोठेपण एका पातेल्यावर का मोजता? हे मी मावश्यांना तोंडावर सुनावलेलं आहे. त्यातलं पुष्कळसं मला आजही पटतं. पण त्या तिशीतल्या मुलीला मी आज एक विचारीन: नकोच होतं, तर मसाला घालताना आई पाठ करून उभी राहायची त्याचा तुला राग का यायचा? ती म्हणेल, राग नव्हता. मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही.

टोरांटोच्या बहिणीचा मुद्दा वेगळा. ती इतिहासातून सुरुवात करते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, तरी आपण टिकलो. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात मुंबई-वसईकडच्या आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं आणि ओळख राखली. गावठाणं बिल्डरांच्या घशात चाललीत. आता राहिलंय काय, तर हे जेवण, आणि तेही तुझ्या घरी तुझ्यापाशी येऊन थांबणार! मला हे ऐकून घेववत नाही. फुग्यांच्या पिठात ताडी घालायची असते. आमच्याकडे कित्येक वर्षं यीस्ट घालतात, कारण माडही गेले आणि ताडी काढणारेही गेले. ते माझ्यामुळे गेले का? उखळ-मुसळ घेऊन घरोघरी मसाला कुटायला येणाऱ्या, कुटताना गाणी म्हणणाऱ्या बायका दिसेनाशा झाल्या, त्या मी घालवल्या का? सगळ्या समाजानं एकेक करून जे सोडलं, त्याचा जाब शेवटी कलिन्याच्या गावठाणातल्या एका अविवाहित मास्तरणीनं द्यायचा, हे मला मान्य नाही.

आता त्या वर्षाबद्दल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात तेच वर्ष असतं, कुणी बोलून दाखवत नाही इतकंच.

आई न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, नुकता लागला होता. ऑपरेशन झालं, आणि नाताळच्या तोंडावर तिला घरी आणलं. आतल्या खोलीत जाण्याइतकी ती हलणार नव्हती म्हणून पलंग हॉलमध्ये टाकला, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. मधे दार नाही, नुसता पडदा. त्या वर्षीचं जेवण मी करायचं हे कुणी ठरवलं ते आठवत नाही. सगळ्यांनी ते गृहीत धरलं होतं. काकी फोनवर म्हणाली, "चला, या निमित्तानं तरी." भाऊ म्हणाला, "आई आहेच ना सांगायला." मलाही ते ठीक वाटलं. खरं सांगायचं तर ठीकपेक्षा जास्त वाटलं. पोर्कवाल्याकडे रांगेत उभी असताना मी मनातल्या मनात क्रम लावत होते: आधी चरबी सुटू द्यायची, मग तुकडे थोडे थोडे परतायचे, मग कांदा. इतकी वर्षं बघितलेलं सगळं डोळ्यांसमोर होतं.

सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करून ठेवावं लागतं, रोज गरम करत मुरवावं लागतं, म्हणून बावीस तारखेला रात्री बसले. चिरून झालं. परतून झालं. वाटण तयार होतं. आईचं मोठं पातेलं गॅसवर होतं, तेच, ज्याचा एक कान वाकलेला आहे. कांदा लालसर झाला तशी मी हाक मारली, "आई, व्हिनेगर किती घालू?"

उत्तर नाही. झोपली असेल वाटून मी परत हाक मारली. मग गॅस बारीक करून पडद्याबाहेर आले. ती जागी होती. भिंतीकडे बघत होती.

"घाल तुला वाटेल तेवढं," ती म्हणाली.

"असं कसं? सांग ना."

"माझं आता काय काम आहे?"

मी पलंगाच्या कडेला बसले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या आजीनं हे पातेलं मला कधी दिलं, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. माझ्या आठवणीत ते पातेलं कायम आईचंच होतं.

तिनं सांगितलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूनं तिला नाताळच्या स्वयंपाकाला हात लावू दिला नव्हता. ती चिरायला बसायची, वाटायला बसायची. मग एका डिसेंबरला आजी अंथरुणाला खिळली, याच हॉलमध्ये, याच भिंतीशी. तिनं आईला जवळ बोलावलं आणि म्हणाली, यंदा तू कर. आईनं केलं. आजीनं चमचाभर चाखलं, मान हलवली. त्या अंथरुणावरून ती उठली नाही. "मी पातेलं धुऊन ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे मला विचारायला लागले, किती लोकांचं करायचं, बदक कुठून आणायचं. तिला कुणी काही विचारेना. ती बघत होती पडल्या पडल्या."

मग तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मी अजून आहे ना गं?"

मी आत गेले आणि गॅस बंद केला.

त्या रात्री मी काकीला फोन केला. सकाळी ती येऊन परतलेलं मांस, वाटण सगळं घेऊन गेली. पंचवीसला तिच्या घरून डबा आला. चांगलं झालं होतं. आईनं दोन घास खाल्ले आणि "व्हिनेगर कमी पडलंय" म्हणाली, आणि ते म्हणताना, पडल्यापासून पहिल्यांदा, ती आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली. आमच्या घरी त्या नाताळला फुगे झाले नाहीत, बदकही झालं नाही. लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं. आजारी आईला साधं सणाचं जेवण करून घातलं नाही, पोरीला एवढंही जमलं नाही. हे माझ्या कानांवर आलं, आणि कुणाच्या तोंडून आलं तेही मला ठाऊक आहे. मी कुणालाही खरं सांगितलं नाही, कारण ते आईचं होतं. आता सांगतेय ते तिला विचारून. ती म्हणाली, "लिही. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

पुढच्या वर्षी ती वॉकर घेऊन स्वयंपाकघरात आली, गॅससमोर स्टुलावर बसली आणि तिनं सगळं केलं. त्यानंतर दरवर्षी करतेय. आता उभं राहवत नाही, पातेलं मी उचलते, झाकण मी काढते. बाटली तिच्या हातात.

मी केलं ते बरोबर केलं का? कधी वाटतं, दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. कधी वाटतं, मी तिची समजूत घालायला हवी होती. आई, हे आजीसारखं नाही, तू बरी होणार आहेस, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं म्हणून पुढे जायला हवं होतं. एखादी दुसरी मुलगी गेली असती, आणि कदाचित दोघी मिळून रडल्या-हसल्या असत्या, आणि प्रश्न कायमचा मिटला असता. शिवाय गॅस बंद करताना मला हायसं वाटलं होतं, तेही नाकारत नाही. एवढी माणसं चव घेऊन माझ्याकडे बघणार होती, ते टळलं. आईसाठी थांबले की त्या भीतीपायी, याचा हिशेब मी पुष्कळदा मांडून बघितला. तो लागत नाही.

"निदान लिहून तरी घे," असं सांगणाऱ्यांनाही सांगते, घेतलंय. वही आहे. वाटणातल्या मिरच्या, जिरं, लसूण, आलं, सगळं मोजून लिहिलंय, आई घालायच्या आधी तिच्या मुठीतलं वाटीत ओतून घेतलंय. व्हिनेगर मात्र तिनं मोजू दिलं नाही. मीही ओढाताण केली नाही.

आणि तुम्हाला खरं जे विचारायचं असतं, ते मला कळतं: आई गेल्यावर काय? ते सरळ विचारत नाही कुणी, म्हणून ते जेवणावरून विचारतात. ती सत्तरीच्या पुढे आहे, मला दिसतं. बदकाच्या मोयलीचा कांदा चिरता चिरता तिचा हात थांबतो, तेव्हा तो परत चालू होईपर्यंत मी तिकडे बघत नाही. ती असेपर्यंत मी ते पातेलं घेणार नाही, एवढंच आज माझ्याजवळ उत्तर आहे. त्यानंतर घेईन की नाही, ते ठरलेलं नाही. घेतलं तर मला ते फक्त ती नसल्यावरच मिळालं, याचा राग येईल का, तेही माहीत नाही.

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "आईनंतर तू करशील ना गं नाताळचं?" तो माझ्याहून मोठा आहे. त्यानंही कधी केलेलं नाही, आणि त्याला आजवर चर्चच्या आवारात, मांडवात की मयताला कुणी विचारलेलं नाही.

"तू?" मी म्हटलं.

"मला कुठे येतं?"

"मलाही येत नाही. चिरता येतं. बावीसला ये, सुरी देते, काळीज कसं कापायचं ते दाखवते."

"बघतो," म्हणाला.