माहुलीचा खंड्या

साताऱ्यात कुणी 'माहुलीला जाऊन आलो' म्हटलं की समोरचा आधी 'कोण गेलं?' असं विचारतो. वास्तविक तिथे कृष्णा-वेण्णेचा संगम आहे, श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ आहे, छत्रपती घराण्याच्या समाध्या आहेत. पण निव्वळ हौसेनं माहुलीला जाणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि परवा तिच्याच दहाव्याला घाटावर बसलो होतो. आमची आत्या.

पिंड मांडून अर्धा तास झाला तरी कावळा शिवेना. चारपाच जण झाडावर बसून नुसती मान वाकडी करत होते. 'अक्का, परसातली विहीर बुजवत नाही,' थोरल्या काकांनी हात जोडले. 'नातीचं लग्न थाटात करू,' काकू म्हणाल्या. कावळे ढिम्म. मी उठलो आणि खंड्याकडे गेलो.

खंड्या म्हणजे थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. महाराजांवर चालून आलेल्या वाघापासून त्यानं धन्याला वाचवलं, म्हणून त्याला जहागीर मिळाली, पालखी मिळाली. एकदा तर महाराजांनी त्याला भरजरी कपडे नि दागिने चढवले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि दरबारात आणलं, असं ग्रँट डफनं लिहिलंय. त्याची समाधी घाटावर आहे, वर दगडी कुत्रा. मे महिन्यात आत्या आम्हा पोरांना एसटीनं घेऊन यायची. येताना फडक्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पोचल्यावर आधी खंड्या, मग देव. ती त्याच्या कानांमागे खाजवायची. दगडाच्या! आम्हीही खाजवायचो. ऊन तापलेलं असायचं, बोटं भाजायची. मग वाघाची गोष्ट. दर वर्षी वाघ हातभर वाढायचा.

या घाटावर गंमतच आहे. ताराबाई आणि शाहू महाराज, चुलती-पुतणे. 1707 पासून गादीवरून भांडले, आणि दोघांच्याही समाध्या माहुलीलाच. आमच्याकडेही थोरले नि धाकटे काका एका बांधावरून बोलत नाहीत, ते एकत्र दिसतात फक्त इथे. त्यातही एक पूर्वेला तोंड करून, दुसरा पश्चिमेला.

शाहू महाराज गेले डिसेंबर 1749 मध्ये. त्यांच्याबरोबर सकवारबाई सती गेल्या, त्या इथेच, माहुलीला. हे मला पाचवीत कळलं. मी आत्याला विचारलं, 'त्यांना पण कुत्रा होता का गं?' कसला प्रश्न तो! पण खंड्याची गोष्ट तासभर रंगवणारी आत्या नुसती 'चला, एसटी चुकेल' म्हणाली आणि दशमीचं फडकं झटकू लागली. एसटीला अजून दीड तास होता. आम्ही स्टँडवर दीड तास बसून राहिलो.

आत्या एकविसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आलेली. मी हिशेब केला तो फार नंतर.

खंड्याच्या डोक्यावर परवा कुणीतरी जास्वंद ठेवली होती. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं. कानामागे खाजवून घेतलं.

परत आलो तर गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले होते. तेवढ्यात घाटावरचं एक लंगडं, पिवळं कुत्रं दोन काकांच्या मधून आलं आणि पिंडाला तोंड लावलं. 'हाड! हाड!' दोघेही एकदमच ओरडले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं असावं. माझ्या पायाशी काठी पडली होती. मी ती उचलली नाही.

'हे चालतं का हो?' धाकट्या काकांनी विचारलं.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांना बाराला दुसरीकडे पोचायचं होतं.