खोलीत कॅमेरा का नाही?

"मॅडम, तुमच्या खोलीत कॅमेरा का नाही?" पेशंटचे नातेवाईक विचारतात, शिकायला येणारी मुलं विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो: लपवण्यासारखं काही नसेल तर हरकत काय?

मी संगीतोपचार करते. पक्षाघातानंतर वाचा गेलेली माणसं आणि पार्किन्सनचे रुग्ण माझ्याकडे येतात. उरलेल्या वेळात स्वतःची गाणी करते आणि कुठल्याही म्युझिक कंपनीशिवाय स्वतःच प्रसिद्ध करते. या दोन्ही कामांत यंत्रांवाचून माझं पान हलत नाही. मिडीचंच घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून 1983 साली हे मानक आलं आणि ते सगळ्यांना विनामूल्य वापरू दिलं गेलं. त्याच्याच जोरावर आज एकच बोट हलणारा माणूस माझ्यासमोर बसून अख्खा वाद्यवृंद वाजवतो. तेव्हा मला तंत्रज्ञानाचं वावडं आहे, असं कुणी समजू नये. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की काहींची वाचा जाते. समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतं, काय म्हणायचंय तेही मनात असतं, पण शब्द बाहेर येत नाही. नवल असं, की यातल्या कित्येकांना गाता येतं. साधं 'पाणी' म्हणता न येणारा माणूस पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणतो. हाच धागा धरून 1973 साली अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी मेलॉडिक इंटोनेशन थेरपी मांडली. दोनच स्वर घ्यायचे, एक वरचा, एक खालचा. रुग्णाचा डावा हात हातात घेऊन अक्षरागणिक टेबलावर ठेका द्यायचा आणि 'पाणी हवं' हे आधी गुणगुणायचं, मग सोबत गायचं, मग त्याला एकट्याला गाऊ द्यायचं. सूर हळूहळू काढून घ्यायचा, बोलणं तेवढं राहू द्यायचं. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य गॅबी गिफर्ड्स यांच्या डोक्यात 2011 साली गोळी लागली, तेव्हा त्यांची वाचा परत आणण्यातही संगीतोपचाराचा वाटा होता.

हे सगळं ऐकायला सुंदर वाटतं. होत असताना ते फार उघडंवाघडं असतं. आवाज फाटतो, लाळ गळते, मोठी माणसं हुंदके देतात. एकदा एका गृहस्थांना तीन आठवड्यांनी पहिला शब्द लागला. आनंदाच्या भरात त्यांच्या घरच्यांपैकी कुणीतरी मोबाइल वर धरला. गृहस्थांनी तो पाहिला आणि चांगला हात उचलून तोंडाची वाकडी बाजू झाकून घेतली. त्या दिवशी नंतर एक अक्षरही आलं नाही. त्यांच्याकडे लपवण्यासारखं काय होतं? काही नाही. ते फक्त त्या क्षणी कुणाला दाखवण्यासाठी तयार नव्हते. मोबाइल धरणाऱ्यावर माझा राग नाही, प्रेमापोटीच तो हात वर गेला होता. पण मी त्या दिवसापासून खोलीबाहेर फोन ठेवायची टोपली ठेवली.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मी सत्रं रेकॉर्ड करते. आमच्या क्षेत्रात याला मोठी परंपरा आहे. संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स 1959 पासून मुलांसोबत काम करू लागले, तेव्हा ते सत्रांचं ध्वनिमुद्रण करत आणि नंतर बारकाईने ऐकत. मूल कुठे थांबलं, कुठल्या सुराला त्याने हुंकार दिला, हे त्यातूनच त्यांना कळत गेलं. मीही तेच करते, फक्त आवाज, आणि तोही रुग्णाने मान डोलावली तरच. वाचा नसलेल्या माणसाचा होकार घ्यायला वेळ लागतो, तो मी घेते. ऐकून झालं, टिपणं काढली, की फाइल त्याच्यासमोर पुसते. म्हणून रेकॉर्डिंग चांगलं की वाईट, यावर मी वाद घालत नाही. ती फीत कुणाच्या हाती आहे, तो ती कशासाठी ऐकतो आणि 'पुसा' म्हटल्यावर पुसतो का, एवढंच मी विचारते.

जानेवारी 2021 मध्ये इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय कंपनीला एक पेटंट मिळालं. माणसाच्या बोलण्यावरून त्याची मनःस्थिती, लिंग, वय, उच्चारांची ढब ओळखायची आणि त्याप्रमाणे गाणी सुचवायची, अशी कल्पना. त्याविरुद्ध संगीतकारांनी आणि मानवाधिकार संघटनांनी पत्र लिहिलं. आपण ते कधी वापरलेलं नाही आणि वापरायचा विचारही नाही, असं कंपनीने कळवलं. ते खरं धरून चालू. तरीही मला त्या कल्पनेचंच वाईट वाटलं, कारण ती आमच्या कामाच्या इतकी जवळची आहे. आमच्याकडे आयसो तत्त्व म्हणतात: माणूस अस्वस्थ असेल तर त्याला लगेच शांत गाणं ऐकवायचं नाही, आधी त्याच्या अस्वस्थतेच्या लयीतच वाजवायचं आणि मग तिथून त्याला सोबत घेऊन सावकाश खाली उतरायचं. मनःस्थिती ओळखणं आलंच. पण मी चुकले तर तो मान हलवतो, पेटीवर हात आपटतो, उठून जातो, आणि मला बदलावं लागतं. चोरून ऐकणाऱ्या यंत्राला तो 'नाही' कसा म्हणणार?

माझी गाणी मी बँडकॅम्प या संकेतस्थळावर का ठेवते, हेही यातच आलं. तिथे घेणारा गाणं विकत घेतो, डिजिटल विक्रीतले 15 टक्के ते ठेवतात आणि उरलेल्याचा हिशेब मला समजतो. स्ट्रीमिंगवर, म्हणजे गाणं विकत न घेता थेट ऐकलं जातं तिथे, 30 सेकंद वाजलं की एक प्रवाह, म्हणजे एकदा ऐकल्याची नोंद, मोजला जातो. स्पॉटिफायवर तर 2024 पासून मागच्या 12 महिन्यांत 1,000 प्रवाह न झालेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. माझ्या एका गाण्यात शब्द दुसऱ्या मिनिटाला येतात. ऐकणाऱ्याला पहिल्या 30 सेकंदांत धरून ठेवण्यासाठी ते गाणं मला बदलायचं नाही. बँडकॅम्पही दोनदा विकलं गेलं, आधी 2022 मध्ये आणि मग 2023 मध्ये, त्यामुळे त्यावर मी डोळे झाकून विसंबत नाही. प्रत्येक गाण्याची मूळ फाइल माझ्या कपाटात असते.

आता शहरातल्या कॅमेऱ्यांबद्दल, कारण बोलणं शेवटी तिथेच येतं. पार्किन्सनच्या रुग्णांचे पाय चालता चालता जमिनीला खिळतात. उंबरठ्यावर, गर्दीत, रस्ता ओलांडताना. 1990 च्या दशकात मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ठाशीव ठेका ऐकवला तर अशी चाल सुधारते. म्हणून मी त्यांना ज्याच्या ठेक्यावर चालता येईल असं एखादं गाणं शोधून देते आणि पाय अडले की ते गुणगुणायला सांगते. खोलीत जमलं, की खरा सराव रस्त्यावर.

रस्त्यावर खांब आहेत आणि खांबांवर कॅमेरे. एका जागी ठरावीक वेळेपेक्षा जास्त कुणी थांबलं तर सूचना देणारं सॉफ्टवेअर त्यांना जोडता येतं. चेहरा झाकला तरी चालीवरून ओळख पटवण्याचं तंत्रही तयार आहे. माझा पेशंट चौकात खिळून उभा आहे, ओठ हलताहेत, एक पाय थरथरतोय. त्याच्या दृष्टीने तो आपला ठेका शोधतोय. पडद्यावर तो संशयित आहे. चेहऱ्यांचं गणितही कच्चंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2019 मध्ये चेहरा ओळखणाऱ्या 189 प्रणाली तपासल्या, त्यांतल्या अनेकींत आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांच्या चुकीच्या जुळण्या गोऱ्यांपेक्षा 10 ते 100 पट जास्त निघाल्या. पुढच्याच महिन्यात डेट्रॉइटमध्ये अशाच चुकीच्या जुळणीमुळे एका माणसाला त्याच्या मुलींसमोर बेड्या घातल्या गेल्या. अपघाताची नोंद ठेवणाऱ्या, गाडीचा नंबर टिपणाऱ्या कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण प्रत्येक जाणाऱ्या-येणाऱ्याच्या चेहऱ्याची आणि चालीची वही मला नको आहे. सॅन फ्रान्सिस्कोने 2019 मध्येच आपल्या सरकारी खात्यांना चेहरा ओळखणारी यंत्रणा वापरायला बंदी केली, म्हणजे शहराला असं ठरवता येतं.

राहिला नातेवाइकांचा प्रश्न. आपल्या माणसाचं आत काय चाललंय, ही काळजी खरी आहे, तिला मी उडवून लावत नाही. माझ्या खोलीत भिंतीशी एक जादा खुर्ची असते. पेशंटची हरकत नसेल तर टोपलीत फोन टाका आणि आत येऊन बसा. फक्त रिकाम्या हाताने बसता येणार नाही. खुळखुळा देईन, त्याच्या ठेक्यात वाजवायचा.