भिंतीवरचा सातवा फोटो

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळच्या बॅचसाठी क्लासचं शटर उघडायला गेलो, तर पायरीवर माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. मला वाटलं सुट्टीवर आलाय. "कधी आलास रे?" म्हटलं. तो उठून सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "सर, भिंतीवरचा माझा फोटो काढा. वायुदलाच्या फ्लाइंग ट्रेनिंगमधून सस्पेंड केलं मला. तीन आठवडे झाले घरी येऊन."

मुलाचं नाव, गाव लिहीत नाही. करवीर तालुक्यातलं ऊस आणि म्हशींचं घर, एवढं पुरे.

मी वायुदलात २० वर्षं इंजिन फिटर होतो. शेवटची काही वर्षं हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत, शिकाऊ वैमानिकांच्या विमानांवर, आधी किरण आणि २०१३ला पिलाटस आल्यावर त्यांच्यावर. निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात अधिकारी भरतीचा क्लास काढला. लोकांना वाटतं लेखी परीक्षा अवघड असते. आमची पोरं लेखी आरामात काढतात, अडतात ती पुढं. पाच दिवसांची मुलाखत, मग वैमानिक व्हायचं असेल तर सीपीएसएस. ही संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालात की वैमानिकाचं दार कायमचं बंद. मग मेडिकल. तिथं मांडीची लांबीसुद्धा मोजतात. ६४ सेंटिमीटरच्या वर गेली तर मुलगा बाद, कारण इजेक्ट होताना, म्हणजे संकटात खुर्चीसकट विमानाबाहेर फेकलं जाताना, गुडघे समोरच्या पॅनेलला धडकतील. हे सगळं पार करून हा प्रशिक्षणाला दुंडिगलला गेला होता.

तो गेला त्याच आठवड्यात गावात चौकात फ्लेक्स लागला. निळ्या आभाळावर लढाऊ विमान, मधे हा, खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो. त्यात माझाही होता आणि छपाईचे पैसेही मीच दिले होते. आपल्याकडं दहावीच्या निकालालाही फ्लेक्स लागतो, त्यामुळं त्यात मला काही वावगं वाटलं नाही. त्यावर आणि क्लासमधल्या फोटोखालीही 'फ्लाइंग ऑफिसर' लिहिलं होतं. प्रशिक्षण पुरं होऊन कमिशन मिळाल्याशिवाय तो हुद्दा मिळत नाही, तोवर मुलगा फ्लाइट कॅडेट असतो. २० वर्षं वायुदलात काढलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही.

बॅचला गणितं सोडवायला लावून मी त्याला आतल्या खोलीत नेलं. विचारलं, नेमकं कुठं अडलं? त्यानं टेबलावरचा डस्टर उचलला. टेबलाची लांब बाजू म्हणजे धावपट्टी. डस्टर तिरका खाली आणत आणत टेबलापासून चार बोटांवर थांबवला. "इथं सर. इथं स्टिक हलकेच मागं घ्यायची. विमानाचं नाक थोडं उचलायचं, म्हणजे उतार मोडतो आणि चाकं अलगद टेकतात. नजर धावपट्टीच्या लांबच्या टोकाकडं ठेवायची. माझी नजर जवळ यायची. जमीन अंगावर आल्यासारखी वाटायची, मग मी लवकर ओढायचो, विमान परत वर तरंगायचं. ते टाळायला गेलो की उशीर व्हायचा, आपटून उसळायचं." हे सांगताना डस्टर त्यानं पाच-सहा वेळा उतरवला असेल. टेबलावर एकदाही आवाज झाला नाही.

जादा सॉर्टी, म्हणजे सरावाची उड्डाणं मिळाली, इन्स्ट्रक्टर बदलून दिला, वरिष्ठांनी स्वतः बसून तपासलं. सोलो, म्हणजे एकट्यानं विमान न्यायची परवानगी, काही मिळाली नाही.

किरणमध्ये इन्स्ट्रक्टर शेजारी बसायचा. त्याचा हात स्टिककडं सरकताना शिकणाऱ्या पोराला दिसायचा, मनाची तयारी व्हायची. पिलाटसमध्ये तो मागं असतो. "फक्त आवाज यायचा सर, आय हॅव कंट्रोल," तो म्हणाला, "आणि स्टिक माझ्या हातातच आपोआप हलायला लागायची." हे तो तळहाताकडं बघत बोलला. मी इतकी वर्षं त्या विमानांची इंजिनं उघडली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याला थांबवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. तिथं तास मोजून मिळतात. अजून दहा तास दिले असते तर याला जमलंही असतं कदाचित. पण पुढचं विमान याच्यापेक्षा वेगवान, तिथं पुन्हा तेच दहा तास कुठून आणायचे? ठरल्या वेळेला विमान परत आलं नाही की हार्डस्टँडवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, उभं राहून आभाळाकडं बघत बसणं काय असतं, ते मी भोगलंय. त्याला मी हे तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मला पटतंय सर. पण गावात हे कुणाला सांगू? मी आलो त्या दिवशी फ्लेक्स काढलेला होता. माझ्या आधी बातमी पोचली. गावानं काढला, आता तुम्ही पण काढा."

बॅच सोडली आणि त्याला गाडीवर मागं बसवून गावी गेलो.

वडील गोठ्यात होते. मला बघून हात धुतले, बाज टाकली. चहा येईपर्यंत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "परत परीक्षा देता येत न्हाई व्हय सर?" मी सांगितलं, फ्लाइंगमधून सस्पेंड झालेल्याला फ्लाइंगसाठी पुन्हा बसता येत नाही. ग्राउंड ड्यूटीला, म्हणजे वायुदलातल्या जमिनीवरच्या कामासाठी बसता येतं, २६ पर्यंत वय आहे. ते मान हलवत म्हणाले, "ते हुईल न्हाई तर ऱ्हाईल. पर ह्यो घरातनं भाईर पडंना. डेअरीला दूध घालाय जा म्हटलं तर अंधार पडायची वाट बघतोय."

वैरणीच्या गंजीवर फ्लेक्स झाकला होता, छापील बाजू आत. वाऱ्यानं एक कोपरा उलटला आणि निळं आभाळ दिसलं. मी ओळखला. तोही बघत होता. तीन आठवड्यांत तो गोठ्याकडं फिरकलाच नव्हता.

"आबा, हा इथं कसा?"

वडील गंजीकडं न बघताच म्हणाले, "तुझा फोन आला त्याच रात्री उतरवला म्या. स्टँडवरनं येताना तेच्याखालनं यायला नगं म्हणून."

तो काही बोलला नाही. उलटलेला कोपरा खाली ओढून त्यावर दगड ठेवला आणि तिथंच उकिडवा बसला. बऱ्याच वेळानं त्याचे खांदे हलायला लागले. वडील जवळ गेले नाहीत, म्हशीला पेंड घालत राहिले. मी चहा संपवला.

आम्ही क्लासवाले पोरांना आत कसं घुसायचं ते शिकवतो. गट चर्चा, अडथळे, मानसशास्त्राच्या चाचण्या, सगळ्याचा सराव करून घेतो. तिथून परत यावं लागलं तर गावात पहिलं वाक्य काय बोलायचं, हे आजवर मी एकाही पोराला शिकवलेलं नाही. त्या वडिलांना ते कुणी न शिकवता सुचलं. हे मनातून जात नाही म्हणून लिहितोय.

निघताना तो गाडीपर्यंत आला. "फोटो राहू दे सर. पण खाली जे लिहिलंय ते खोडा. मी फ्लाइंग ऑफिसर नव्हतो." संध्याकाळी बॅच गेल्यावर ब्लेडनं ती पट्टी खरवडली. डिंकाचे डाग अजून आहेत. त्यावर 'फ्लाइट कॅडेट' लिहून चिकटवलं. मग उरलेल्या सहा फोटोंखालच्या पट्ट्या वाचल्या. त्यातले दोघे अजून प्रशिक्षणातच आहेत, आणि त्यांच्याखालीही मी हुद्दे लिहून ठेवलेत. त्या रात्री त्याही खरवडल्या.

ग्राउंड ड्यूटीचा फॉर्म त्यानं अजून भरलेला नाही. मीही विचारलेलं नाही. डेअरीला मात्र सकाळचं दूध तोच घालतो, असं वडील परवा फोनवर म्हणाले.