ओव्हनविना तीन थर

आज दुपारी ओव्हन न लावता चॉकलेट आणि पीनट बटरच्या थरांच्या वड्या केल्या. 200 ग्रॅम बिस्किटांचा चुरा 100 ग्रॅम वितळलेल्या बटरमध्ये कालवून डब्याच्या तळाशी वाटीच्या बुडाने घट्ट दाबला, त्यावर पिठीसाखर घोटलेल्या पीनट बटरचा थर पसरला आणि डबा फ्रीजमध्ये ठेवला. इथवर सारे सुरळीत होते.

चॉकलेट मात्र रुसले. उकळत्या पाण्यावर भांडे ठेवून ते वितळवत असताना वाफेचे दोन-चार थेंब आत पडले आणि तुकतुकीत चॉकलेट बघता बघता ओल्या वाळूसारखे रवाळ झाले, कारण एवढ्याशा पाण्याने त्यातील साखरेचे कण भिजून एकमेकांना चिकटतात. गंमत म्हणजे यावर उतारा आणखी पातळ पदार्थाचाच! गरम क्रीम चमचा-चमचा घालून ढवळल्यावर ते पुन्हा मऊ झाले. आणि हा घोळ पथ्यावरच पडला, कारण निव्वळ चॉकलेटचा थर गार झाल्यावर कापताना तडकतो, तर क्रीम मिसळलेला थर सुरीखाली नमतो.

दोन तासांनी गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने वड्या पाडल्या. पीनट बटरमध्ये चिमूटभर मीठ घालायचे राहिलेच होते, ते वरून भुरभुरले.