संधिवाताचे हात आणि फ्लशची जुनी दांडी

माझ्या सासूबाईंना संधिवात आहे आणि आमच्या कमोडची टाकी बाजूला दांडी असलेली, जुन्या घडणीची आहे. दांडी दाबण्याइतका जोर बोटांत उरला नाही, तेव्हा त्या कुणाला न सांगता बादलीने पाणी ओतू लागल्या. ओल्या फरशीवर वाकून भरलेली बादली उचलणे त्या वयात फारच धोक्याचे, म्हणून मी टाकीचे झाकण काढून आत पाहिले.

अशा टाकीत सायफन, म्हणजे वर जाऊन पुन्हा खाली वळलेली नळी, असतो. दांडी दाबली की आतली चकती वर येते आणि तिच्यावरचे पाणी सायफनच्या वळणापलीकडे ढकलते. एकदा ते पलीकडे पडू लागले की उरलेली टाकी आपोआप रिकामी होते. त्यामुळे सावकाश दाबून काही साधत नाही, पाणी एका झटक्यात चढवावे लागते, आणि दुखऱ्या हाताला नेमका तो झटकाच जमत नाही. टाकीतील पाणी आतल्या खुणेच्या खाली राहत असेल तर ते अधिक उंच चढवावे लागते, म्हणून आधी फ्लोट (पाण्यावर तरंगून नळ बंद करणारा गोळा) नीट करून पातळी खुणेपर्यंत आणावी. चकतीवरचा पातळ प्लास्टिकचा पडदा फाटला असेल तर पाणी चकतीतल्या भोकांतून परत खाली निसटते आणि दांडी पुन्हापुन्हा मारावी लागते. पडदा किरकोळ किमतीचा असतो, पण तो बदलायला सायफन बाहेर काढावा लागतो. त्या खटपटीपेक्षा प्लंबरला नवी टाकी बसवणे सोपे वाटते, हेही समजण्यासारखे आहे. दांडीच्या सांध्यात बोअरच्या पाण्याचे क्षार साचले असतील तर ते व्हिनेगरने सुटतात.

एवढे झाल्यावर दांडीकडे वळावे. दांडीची लांबी दुप्पट केली तर जोर निम्मा लागतो, मात्र हाताला दुप्पट अंतर खाली जावे लागते, त्यामुळे भिंत आणि टाकी यांच्यामध्ये तेवढी मोकळी जागा हवी. प्लास्टिकची दांडी असा ताण सोसत नाही, मुळाशी तुटते; धातूची घ्यावी. आम्ही लांब दांडीच्या टोकाला जाड दोरी आणि तिला मनगट सहज जाईल एवढी कडी बांधली. आता बोटे आवळावी लागत नाहीत, हाताच्या वजनानेच दांडी खाली येते. मात्र तोल गेल्यास माणूस हाताशी येईल ते धरतो, म्हणून आधाराचा पक्का दांडा दोरीपासून दूर, दुसऱ्या बाजूच्या भिंतीत बसवला.

दुकानदार हमखास झाकणावर दोन बटणे असलेली नवी टाकी सुचवतो. तिच्यात पाणी वाचते, हे खरे. पण लहान बटण अंगठ्याने खोल दाबावे लागते आणि संधिवातात अंगठा अनेकदा दगा देतो. घ्यायचीच असेल तर तळहाताने दाबता येईल असे मोठे बटण पाहावे आणि शक्य झाल्यास ज्यांना ते वापरायचे आहे त्यांनाच दुकानात दाबून पाहू द्यावे. या टाक्यांच्या तळाची रबरी चकती झिजली की पाणी नकळत झिरपत राहते. रात्री टाकीत खाण्याचा रंग घालून फ्लश न करता अर्ध्या तासाने कमोडमध्ये पाहिले, तर गळती लगेच कळते.