क्रमिक पुस्तकं, नोट्स आणि परवानग्या: सातारा-सांगलीच्या कॉलेजांसाठी कॉपीराइट

अभ्यास मंडळाच्या बैठकीत कवितांची निवड होते, संपादक प्रस्तावना लिहितात, प्रकाशक अक्षरजुळणी उरकतो, आणि कवीच्या घरी परवानगीचं पत्र जातं ते पुस्तक छापायला गेल्यावर. हा क्रम उलटा आहे. परवानगी नाकारली गेली किंवा वारसच सापडले नाहीत, तर तोवर अभ्यासक्रम जाहीर झालेला असतो आणि माघार घ्यायला जागा उरत नाही. म्हणून निवडीच्या यादीतच प्रत्येक नावापुढे लेखकाचं मृत्युवर्ष आणि हक्कधारकाचं नाव असे दोन रकाने हवेत. ते कोरे असतील तर यादी मंजूर करू नये.

मृत्युवर्ष कशासाठी, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. आपल्याच भागातली नावं घेऊ. टेंभूचे आगरकर १८९५ साली गेले, ‘शारदा’कार देवल १९१६ साली, दोघांचंही लेखन केव्हाच खुलं, म्हणजे परवानगीशिवाय छापता येण्याजोगं, झालं आहे. सांगलीचे कृ. प्र. खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २००९ पासून त्यांची नाटकं खुली. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या कविता २०१७ पासून खुल्या. पण वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणून त्यांच्या कथांना १ जानेवारी २०३० पर्यंत परवानगी लागणार. खांडेकर (१९७६) आणि गदिमा (१९७७) यांच्यासाठी तर अनुक्रमे २०३७ आणि २०३८ उजाडावं लागेल. ‘जुने लेखक आहेत, आता काय परवानगी!’ हे वाक्य बैठकीत हमखास ऐकू येतं आणि या तिघांच्या बाबतीत ते साफ चुकतं.

आणखी दोन खाचाखोचा. लेखकाच्या हयातीत अप्रकाशित राहिलेलं लेखन मरणोत्तर छापलं गेलं असेल, तर ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजली जातात. आणि मूळ संहिता खुली असली तरी तिच्या नव्या आवृत्तीतली टीपा-प्रस्तावना किंवा तिचा अलीकडचा अनुवाद खुला नसतो. खाडिलकरांचा प्रवेश घ्या, पण नव्या संपादित आवृत्तीतल्या टीपा तशाच उचलू नका.

हक्कधारक शोधायची पहिली जागा म्हणजे नामपृष्ठामागचं पान. मराठी पुस्तकांत लेखकाऐवजी त्याच्या पत्नीच्या नावे हक्क नोंदवायची जुनी रीत आहे. ‘सर्व हक्क सौ. अमुक यांचे स्वाधीन’ अशी ओळ दिसली की पत्र त्यांना किंवा त्यांच्या वारसांना जायला हवं. प्रकाशकाचं पत्र आणून काम भागेल असं गृहीत धरलं जातं. प्रकाशकाकडे फक्त त्या पुस्तकाचे हक्क असतील आणि निवडक कविता दुसरीकडे छापायला देण्याचा अधिकार नसेल, तर त्याची सही निरुपयोगी ठरते. म्हणून त्याला आधी विचारायचं: हा अधिकार तुमच्याकडे कोणत्या कराराने आला? वारस अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, किंवा एकाला बाकीच्यांनी लेखी अधिकार दिल्याचं पत्र घ्यावं. थोरल्या मुलाने फोनवर ‘खुशाल छापा’ म्हटलं, ही परवानगी नव्हे. कायद्याला लेखी परवानगी लागते.

पत्रात काय असावं? रचनेचं नाव आणि मूळ पुस्तक; कुठल्या वर्गाच्या, कुठल्या पुस्तकासाठी; छापील, ई-बुक, ध्वनिमुद्रण यांतलं नेमकं काय काय; प्रतींची मर्यादा असल्यास तिचा आकडा; मानधन किती, एकरकमी की प्रति आवृत्ती; मुदत; प्रदेश. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असला तरी मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तक त्यापुढेही छापलं जातं, म्हणून मुदत मोजून लिहावी. ई-बुकचा उल्लेख राहून गेला की दोन वर्षांनी पुन्हा सगळ्या वारसांच्या दारी जावं लागतं.

परवानगीशिवाय संकलन करायची एक अरुंद वाट कलम ५२(१)(एच) मध्ये आहे. तिच्यावर पुष्कळजण विसंबतात, पण अटी वाचत नाहीत. संकलनातला बहुतेक मजकूर हक्कमुक्त हवा. ते शिक्षणासाठी असल्याचं पुस्तकाच्या नावात आणि जाहिरातीतही म्हटलेलं हवं. घेतलेले उतारे छोटे हवेत आणि मूळ पुस्तक स्वतः शिक्षणासाठी काढलेलं नसावं. शिवाय एकाच प्रकाशकाने एकाच लेखकाचे पाच वर्षांत दोनांहून जास्त उतारे घेता कामा नयेत. समकालीन कवींचा संग्रह पहिल्याच अटीत बाद होतो. आणि अख्खी कविता म्हणजे ‘छोटा उतारा’, हा युक्तिवाद मला तरी टिकणारा वाटत नाही.

आता वर्गातल्या नोट्स. ‘पुस्तकाची किती टक्के पानं चालतात?’ हा प्रश्न प्राध्यापक सर्वांत जास्त विचारतात, पण भारतीय कायद्यात अशी टक्केवारीच नाही. दहा टक्क्यांचा जो आकडा फिरतो तो आपल्या कायद्यातला नाही. कलम ५२(१)(आय) एवढंच म्हणतं की शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत, तसंच प्रश्नपत्रिकेत आणि उत्तरपत्रिकेत वापरलेला मजकूर म्हणजे उल्लंघन नव्हे. या कलमाचा अर्थ दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात लागला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी, त्यांच्या पुस्तकांतल्या उताऱ्यांचे झेरॉक्स संच विद्यार्थ्यांना दिले जातात म्हणून, विद्यापीठ आणि झेरॉक्स दुकानदारावर २०१२ मध्ये दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये एकल न्यायाधीशांनी तो फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने म्हटलं की ‘शिकवण्याचा ओघ’ तासापुरता मर्यादित नाही, झेरॉक्स दुकानदाराने काढली म्हणून प्रत बेकायदा होत नाही, आणि कसोटी आहे ती शिकवण्याच्या हेतूसाठी तेवढा मजकूर गरजेचा होता का, ही. मात्र हे तपासायला खटला परत पाठवला गेला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला. त्यामुळे ‘गरजेचा’ म्हणजे किती, याचं उत्तर पुराव्यानिशी कधी आलंच नाही. शिवाय निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. आपल्याकडे तो वजनदार आहे, बंधनकारक नाही.

म्हणून नोट्सच्या संचाला तीन गोष्टी जोडाव्यात: प्रत्येक उताऱ्याचा अभ्यासक्रमातल्या घटकाशी संबंध, मूळ पुस्तकाचा पूर्ण उल्लेख, आणि ग्रंथालयात त्या पुस्तकाची विकत घेतलेली प्रत. कलमातला शब्द ‘प्रत काढणं’ असा आहे, जगाला उपलब्ध करून देणं असा नाही. तेव्हा लॉगिनच्या आत, फक्त त्या वर्गाच्या विद्यार्थ्यांना दिलेली फाइल एका बाजूला. कॉलेजच्या उघड्या वेबसाइटवर, टेलिग्रामवर किंवा यूट्यूबवर टाकलेलं स्कॅन दुसऱ्या बाजूला. सत्र संपलं की फाइल काढून टाकायची सवय ठेवा. बाजारात मिळणारं अख्खं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकणं याला तर शिकवण्याचं नाव देऊच नये.

ई-नियतकालिकांचा हिशोब वेगळा, कारण तिथे करार असतो. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची सामायिक वर्गणीची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं शासकीय संस्थांना मिळू लागली. आपली संस्था त्यात आहे की नाही हे गृहीत न धरता इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाचं, म्हणजे यूजीसीचं, ग्रंथालयं जोडणारं केंद्र) यादीत पाहावं; अनुदानित कॉलेजांसाठी एन-लिस्ट ही त्याच केंद्राची ई-साहित्याची योजना हा जुना मार्ग आहेच. हमखास चूक घडते ती अशी: कुणी विद्यार्थी डाउनलोड मॅनेजर लावून एका नियतकालिकाचे सगळे अंक ओढतो, प्रकाशकाची यंत्रणा ते पकडते आणि आयपी पत्ता (इंटरनेटवरची आवाराची ओळख) बंद करते. सगळं आवार एकाच पत्त्यावरून बाहेर जात असल्याने सगळ्या विभागांचा प्रवेश थांबतो, तोही प्रबंध सादर करायच्या आठवड्यात. अशा वेळी फायरवॉलच्या (आवारातली इंटरनेटची ये-जा तपासणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदीवरून यंत्र ओळखून, काय केलं ते लिहून प्रकाशकाला कळवावं लागतं. नोंदीच ठेवल्या नसतील तर कळवणार काय? पासवर्ड बाहेरच्यांना देणं करारात बसत नाही, आणि लेख एआय साधनांत चढवायला मनाई करणारी अटही अलीकडच्या करारांत येऊ लागली आहे, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी मसुदा पुन्हा वाचावा.

नाट्यपंढरी सांगलीत एक मुद्दा सांगायलाच हवा. स्नेहसंमेलनात विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांनी केलेला प्रयोग, प्रेक्षक विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढेच असतील तर कलम ५२(१)(जे) मध्ये बसतो. तोच प्रयोग थेट यूट्यूबवर दाखवला किंवा तिकीट लावून गावाला बोलावलं, की ही सवलत संपते आणि लेखकाची लेखी परवानगी लागते. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र म्हणजे लेखकाची परवानगी नव्हे. ते संहितेच्या तपासणीचं आहे. दोन्ही कागद वेगळे ठेवावेत.

प्रबंधांचं थोडक्यात: शोधगंगेवर (प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन भांडारावर) चढवण्याआधी दुसऱ्याचे नकाशे, छायाचित्रं, आलेख यांची परवानगी पाहावी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतली १० टक्क्यांची मर्यादा वाङ्मयचौर्याची आहे, कॉपीराइटची नाही. साम्य ४ टक्के आलं तरी विनापरवाना घेतलेला नकाशा विनापरवानाच राहतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे हक्कधारकाने ठराविक अटींवर आधीच खुलं केलेलं, साहित्य घेताना ‘एनडी’ असेल तर बदल करून ते पुढे द्यायचं नाही, ‘एनसी’ असेल तर विक्रीच्या पुस्तकात घ्यायचं नाही, आणि ‘एसए’ असेल तर आपलं रूपांतरही त्याच परवान्याखाली द्यायचं.

हे सगळं सांभाळायला ग्रंथालयात एक नोंदवही पुरते. रकाने असे: रचना, हक्कधारक, पत्राची तारीख, वापर, माध्यम, मुदत संपण्याची तारीख, मानधन दिल्याची पावती. संपादक निवृत्त होताना ही कागदपत्रं त्यांच्या कपाटात न राहता ग्रंथपालांकडे आली पाहिजेत, आणि दर जूनमध्ये मुदतीचा रकाना वाचून पुढच्या वर्षी संपणाऱ्या परवानग्यांची पत्रं तेव्हाच पाठवायला हवीत.